माशी डावीकडे आहे, म्हणून काय झालं?



ग्वाल्हेरच्या आपल्या जुन्या मराठी घरांतून दोन वस्तू हमखास निघतात. एक तांब्याचा बंब आणि दुसरी, लोखंडी कपाटात कुलपाआड ठेवलेली आजोबांची किंवा काकांची बंदूक. बंब घासूनपुसून सुना दिवाणखान्यात मांडतात. बंदुकीचं काय करायचं ते मात्र कुणालाच सुचत नाही. मग एखाद्या दिवशी कुणीतरी ती हातात घेतं, नळीवरून डोळा लावून बघतं आणि जाहीर करतं, "अरे, हिची माशी तर वाकडी आहे!" तिथून पुढे जे होतं त्याबद्दल आज लिहायचं आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. माशी मध्यावर नाही एवढ्यावरून रायफल बिघडली असं ठरवणं चूक आहे, आणि त्यासाठी हातोडी उचलणं ही त्याहून मोठी चूक आहे.

ज्यांनी कधी बंदूक हाताळली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. जुन्या शिकारी रायफलीवर दुर्बीण नसते. नळीच्या तोंडाशी, वरच्या अंगाला, लोखंडाचा एक छोटा दाणा किंवा पातं असतं, त्याला माशी म्हणतात. मागे, डोळ्याच्या बाजूला, एक पान असतं आणि त्यात खाच असते. खाचेच्या मधोमध माशी आणायची आणि माशीच्या टोकावर निशाण ठेवायचं, एवढाच तो नेम. आपल्यापैकी जे एनसीसीत होते त्यांना हे माहीत आहे. तिथले उस्ताद मागच्या पानाला दीदबान म्हणत आणि ते नीट न दिसल्यास आपला कानही धरत.

आता आमच्या घरची गोष्ट. थोरल्या काकांनी 1961 साली परवाना काढून .315 बोअरची रायफल घेतली. ही रायफल बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात होत असे. आतली यंत्रणा ली-एनफिल्डच्या धर्तीची, पण काडतूस वेगळं. .303 हे लष्कराचं काडतूस, ते सामान्य नागरिकाला मना, म्हणून ही.315. मध्य भारतात शेतकरी, वकील, जमीनदार, सगळ्यांकडे हीच दिसायची. काकांनंतर परवाना रीतसर माझ्या नावावर झाला.

2024 च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी नेहमीप्रमाणे शस्त्रं जमा करायचा हुकूम निघाला. आम्हीही जमा केली. कुठे केली ते लिहीत नाही, पण तिथे बंदुका सरपणाच्या मोळीसारख्या एकमेकींवर रचलेल्या होत्या. निवडणूक संपल्यावर रायफल घरी आली आणि पुतण्याने नेम धरून बघितला. म्हणाला, "काका, माशी डावीकडे सरकली आहे. त्या लोकांनी ठोकरली वाटतं." धाकट्या भावाने लगेच री ओढली, "तक्रार कर." पावसाळा संपल्यावर रेंजवर पाच गोळ्या झाडल्या तर त्या 50 मीटरवर वीतभरापेक्षा जास्त पसरल्या, कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे. झालं, सगळ्यांची खात्रीच पटली. बंदूकवाल्या मिस्त्रीनेही एका नजरेत निकाल दिला, "मक्खी टेढ़ी है बाबूजी, दो चोट में सीधी कर दूँगा."

मी नको म्हणालो. बँकेत मी छत्तीस वर्षं काढली. ट्रायल बॅलन्स जुळला नाही की नवा कारकून काय करतो? फरक जेवढा असेल तेवढी एक नोंद कुठेतरी घालतो आणि बेरीज जुळवतो. कागद स्वच्छ दिसतो, पण चूक आत तशीच राहते, वर आणखी एक खोटी नोंद तयार होते. माशीला हातोडी मारणं ही अशीच नोंद आहे. आधी फरक कुठून आला ते शोधायचं.

आणि शोधायचा क्रम असतो. तो मी इथे मांडतो, कारण क्रम सोडला की सगळं बिघडतं.

सगळ्यात आधी रायफल रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये बोट घालायचं. "रिकामीच आहे हो" हे घरातल्या कुणाच्याही तोंडचं वाक्य पुरावा धरायचं नाही.

मग बघायचं की माशी सरकली आहे की कलली आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माशीचा पाया पाचरीसारख्या तिरक्या खाचेत बसवलेला असतो, फिटर लोक त्याला डवटेल म्हणतात. धक्का बसला तर माशी या खाचेत डावी-उजवीकडे सरकते, पण उभी राहते सरळच. उलट नळीच तिच्या आट्यांत थोडी फिरलेली असेल किंवा कमी-जास्त कसलेली असेल, तर माशी एका अंगाला झुकलेली दिसते. हे ओळखायला गवंड्याची छोटी पाणसळ आणि ओळंबा पुरतो. रायफलीचा मधला भाग पाणसळीने समतल ठेवा आणि समोर भिंतीवर टांगलेल्या ओळंब्याच्या दोरीशी माशी ताडून बघा. आणखी एक बारीक मुद्दा. माशी आणि मागचं पान दोन्ही नळीवरच असतील तर नळी फिरल्याने त्यांचं आपसातलं नातं बिघडत नाही, दोन्ही मिळून कलतात. मग होतं काय, नेमबाज नकळत अख्खी रायफल तिरकी धरतो. रायफल उजवीकडे कलती धरली की गोळी उजवीकडे आणि थोडी खाली जाते, आणि अंतर वाढेल तशी ही चूक वाढते.

माशी सरकलीच असेल तर कधी सरकली? इथे जुन्या कारागिरांनी आपल्यासाठी सोय करून ठेवली आहे. नेम जुळला की ते माशीच्या पायावरून नळीपर्यंत छिन्नीने एक बारीक सरळ रेघ मारत. रेघ अखंड असेल तर माशी हललेली नाही. रेघ तुटून दोन्हीकडे वेगळी दिसली तर हलली. आमच्या रायफलीवर मी भिंग धरलं, कापडाला थोडं रॉकेल लावून मळ काढला, आणि रेघ दिसली. अखंड. म्हणजे माशी डावीकडे होती ती पहिल्यापासून डावीकडेच होती. काकांनी आयुष्यभर त्याच माशीने नेम धरला आणि कुणी त्यांना वाकडा नेमबाज म्हटलं नाही.

यात नवल काहीच नाही. लष्करातल्या ली-एनफिल्ड रायफलींचा नेम असाच जुळवत. रायफल शिकंज्यात किंवा टेकूवर ठेवून गोळ्या झाडायच्या, गोळ्या ज्या बाजूला लागतील त्यानुसार माशी आडवी सरकवायची. त्यासाठी शस्त्रकाराकडे खास स्क्रूचं हत्यार असे. वर-खालीचा फरक काढायला माशीची पाती वेगवेगळ्या उंचीची मिळत. कुठलीही नळी, कुठलंही लाकूड, कुठलीही खाच शंभर टक्के सारखी नसते. त्या सगळ्यांच्या बारीक चुकांची बेरीज माशी आपल्या अंगावर घेते. म्हणून मध्यापासून थोडी बाजूला बसलेली माशी हा बहुतेक वेळा दोष नसतो, कुणीतरी केलेल्या हिशेबाचं उत्तर असतं.

मग आमच्या गोळ्या पसरल्या का? याचं उत्तर गोळ्यांनीच दिलेलं होतं, पण बघायला कुणी थांबलं नाही. माशी चुकलेली असेल तर गोळ्या एका बाजूला जातात, पण एकमेकींजवळ लागतात. पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत, पण निशाणाच्या डावीकडे, असं दिसलं तर माशीवर किंवा मागच्या पानावर संशय घ्या. गोळ्या चारी दिशांना विखुरल्या तर माशी निर्दोष समजा. एकाच जागी बसलेली माशी एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कशी चुकवेल? विखुरल्या म्हणजे काहीतरी ढिलं आहे, नळी खराब आहे, काडतुसं खराब आहेत किंवा चालवणारा हललेला आहे.

म्हणून पुढचं पाऊल स्क्रू आणि लाकूड. ली-एनफिल्ड धर्तीच्या रायफलीचं लाकूड दोन तुकड्यांचं असतं. मागचा दस्ता आतून एका लांब बोल्टने कसलेला असतो. तो ढिला झाला की दस्ता किंचित डुलतो, हाताला जाणवतोच असं नाही, पण गोळीला जाणवतो. पुढचं लाकूड नळीखाली असतं. पावसाळ्यात ते पाणी पितं, फुगतं, आणि एका बाजूने नळीला रेटा देतं. गोळी सुटताना नळी थरथरते. तिला एका अंगाने अडवलं तर गोळी तिकडून ढकलली जाते. आमच्याकडे दोन्ही झालं होतं. दस्ता ढिला होता. आणि नळी व लाकूड यांच्यात जिथे मूळची फट होती तिथे कागदाची पट्टी उजवीकडून सरकत होती, डावीकडे अडत होती.

हे काम मात्र घरी करू नये. जुन्या लष्करी ली-एनफिल्डमध्ये दस्त्याच्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात अडकलेलं असे. पुढचं लाकूड आधी न काढता कुणी तो बोल्ट फिरवला तर लाकूड चिरतं. अनुभवी आणि परवानाधारक कारागिराकडेच द्यावं, आणि शक्य असेल तर समोर बसून करून घ्यावं.

त्यानंतर नळीचं तोंड. तोंडाची कडा एखाद्या ठिकाणी चेपली असेल तर गोळीमागचा वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळी भलतीकडे जाते. तोंडाकडून साफ करण्याची गजकाठी वर्षानुवर्षं घासली की ही कडा झिजते. भिंगाने बघितलं की कळतं. बोल्ट काढून मागच्या बाजूने नळीतून उजेडाकडे बघावं, आतल्या सावल्यांची वर्तुळं एकात एक बसलेली दिसली पाहिजेत. एखादं वर्तुळ अंडाकृती दिसलं तर नळीला बाक आहे.

नळीतून बघण्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि त्याला एकही काडतूस लागत नाही. रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवा. नळीतून बघून दूरची एखादी खूण, समजा गच्चीवरची टाकी, नळीच्या बरोबर मध्यावर आणा. रायफल न हलवता आता माशीवरून बघा. नेम त्या खुणेच्या आसपास असेल तर माशी फार चुकलेली नाही. हा शेवटचा पुरावा नव्हे, पण घरबसल्या मोठी गडबड लगेच लक्षात येते. हे सगळं आपल्याच गच्चीवर, आडोशाला करावं. शेजाऱ्यांना रायफलीचं तोंड दिसेल असं बसू नये, नाहीतर हिशेब वेगळाच लागेल.

चालवणाराही तपासायला हवा, आणि हे घरात कुणाला आवडत नाही. चाप हळू दाबण्याऐवजी झटका दिला की गोळी बाजूला जाते. उजेडही फसवतो. ऊन डावीकडून असेल तर माशीची डावी कड चमकते. डोळा त्या चमकत्या कडेलाच माशी समजून मध्यावर आणतो, त्यामुळे खरी माशी उजवीकडे जाते आणि गोळीही उजवीकडे. थोडक्यात, गोळी उजेडापासून दूर पळते. म्हणून एकाच माणसाच्या गोळ्यांवर निकाल देऊ नये. दुसऱ्याने त्याच टेकूवरून पाच झाडाव्यात. टेकू लाकडाखाली द्यावा, नळीखाली नाही. काडतुसं एकाच पेटीतली घ्यावीत. तेल लावून ठेवलेली नळी आधी कोरडी करावी, कारण तेलकट नळीची पहिली गोळी भटकू शकते.

एवढं सगळं करूनही गोळ्या एकत्र पण बाजूला लागल्या, तर आणि तरच माशीला हात लावायचा. तेव्हाही आधी पेन्सिल. हे साधं त्रैराशिक आहे, आपल्या वेळी सातवीला होतं. माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर मोजा, समजा 50 सेंटीमीटर आलं. निशाण 50 मीटरवर, म्हणजे त्याच्या शंभरपट. तर माशी 1 मिलिमीटर सरकली की गोळी 100 मिलिमीटर, म्हणजे 10 सेंटीमीटर सरकणार. गोळ्या 5 सेंटीमीटर बाजूला लागत असतील तर माशी फक्त अर्धा मिलिमीटर हलवायची. दिशा नीट लक्षात ठेवा: गोळी जिकडे चुकते, माशी तिकडेच सरकवायची. मागची खाच सरकवायची असेल तर गोळी जिकडे न्यायची तिकडे. आणि हलवण्याआधी जुनी जागा टोकदार सुईने खुणावून ठेवायची, पितळी पंचाने हलके ठोके द्यायचे. पोलादी पंच माशीचं नाक चेपतो. कानस शेवटचा उपाय. घासलेलं लोखंड परत येत नाही.

आमच्या नात्यातल्या एका घरी याच्या बरोबर उलट झालं. त्यांच्या रायफलीची माशी साधारण दीड मिलिमीटर डावीकडे होती. घरात लग्न होतं, पाहुण्यांना दाखवायची म्हणून नळी चकचकीत पॉलिश केली आणि माशी "सरळ" करून घेतली. पॉलिशमध्ये जुनी रेघही गेली. मग रेंजवर नेली तर 50 मीटरवर गोळ्या 15 सेंटीमीटर डावीकडे. वर दिलेलं त्रैराशिक मांडून बघा, बरोबर तेवढाच फरक येतो. पण मांडणार कोण? कुणी सांगितलं नळी वाकली, कुणी सांगितलं माशी उंच आहे, म्हणून ती घासली. आता वर-खालीही जमेना. शेवटी "नेम गेलेली" म्हणून मातीमोल भावाने दिली. ज्या रायफलीवर आजोबांनी भरवसा ठेवला तिच्यात मुळात एकही दोष नव्हता. दोष दिसण्यात होता, आणि तो काढताना बाकी सगळं काढून टाकलं.

माझा धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. आता माशी डावीकडे असो की उजवीकडे, काय फरक पडतो?" प्रश्न रास्त आहे. शिवपुरीच्या ज्या जंगलात एकेकाळी संस्थानी शिकारी चालत तिथे आज माधव राष्ट्रीय उद्यान आहे, आणि ते तसंच राहावं असं मलाही मनापासून वाटतं. पण जी वस्तू परवान्यावर घरात ठेवायची ती एकतर खरी ठेवावी, नाहीतर रीतसर जमा करून मोकळं व्हावं. अर्धवट समजलेलं आणि अर्धवट बिघडवलेलं हत्यार घरात असणं सगळ्यात वाईट. आमच्या काकांच्या काळात नेम चुकलेल्या रायफलीचा अर्थ होता जखमी जनावर झाडीत आणि त्याच्यामागे माणूस. आता अर्थ वेगळा आहे, पण गोळी आजही तितकीच दूर जाते. या चंबळच्या मुलखात लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणं हा शौक अजून गेलेला नाही; 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला तुरुंगवास आहे. माशीचं गणित समजलेला मुलगा असा मूर्खपणा करायला धजावत नाही, असा माझा अनुभव आहे. एक मिलिमीटरचे 10 सेंटीमीटर होतात हे ज्याने कागदावर मांडलं, त्याला हवेत सोडलेली गोळी कुठे उतरेल याची काळजी वाटू लागते.

आमची रायफल दुरुस्त होऊन आली. दस्ता कसला, लाकूड डाव्या अंगाने थोडं मोकळं केलं, माशीला कुणी स्पर्श केला नाही. पुतण्याने त्याच टेकूवरून पाच गोळ्या झाडल्या. पाचही 9 सेंटीमीटरच्या आत आणि निशाणाच्या जवळजवळ मध्यावर. बिचाऱ्या मालखान्याविरुद्धची तक्रारही वाचली. रचण्याची त्यांची पद्धत वाईटच आहे, पण या बाबतीत त्यांचा काही गुन्हा नव्हता.

आता कामाची गोष्ट. आपल्यापैकी बरेच जण माझ्यासारखे सत्तरी ओलांडलेले आहेत. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाची 70 वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र त्याच्याकडे 25 वर्षं असलं, तर हयातीतच वारसाच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. तो करा, मागे घोळ ठेवू नका. आणि शस्त्र सोपवताना परवान्याच्या प्रतीबरोबर एक साधा कागद द्या. त्यावर लिहा: माशी मध्यापासून किती आणि कुठल्या बाजूला आहे, खूणरेघ अखंड आहे की नाही, शेवटचा नेम कुठल्या तारखेला, किती अंतरावर, कुठल्या काडतुसांनी तपासला आणि गोळ्या कुठे लागल्या. चार ओळी होतात. खाली सही करा.

मी माझा कागद लिहून पुतण्याला दिला आहे. त्यातली पहिली ओळ अशी: "माशी डावीकडे आहे. ती तिथेच राहू दे."